शिंदखेड्याचे पाहुणे येण्याआधी

नाना, हे लिहिणारच नव्हतो, पण तुमच्यासमोर माझं तोंड उघडत नाही. आज माझ्या सोयरिकीसाठी शिंदखेड्याचे पाहुणे घर पाहायला येणार. नळाला धार दिसावी म्हणून काल तुम्ही मला हापशावरून पाणी आणून गच्चीवरची टाकी भरायला लावली. हात अजून वर होत नाहीत. आता तुम्ही 'पाणी रोज येतं, बस दारात थांबते' असंही सांगाल. सांगू नका. मुलीचा भाऊ अभिमन माझा मित्रच; त्याला मी सगळं खरं सांगून टाकलंय. घर त्याला चालेल, अट एकच; तो म्हणाला, "घर चाली रे, पन मनी बहीनना डोकावर हंडा नको."

कॉलनीत बस येत नाही, म्हणून पाहुण्यांना घ्यायला स्टँडवर चाललोय. अभिमनला शब्द दिलाय, पाण्याची लाईन येईपर्यंत घरातलं पाणी मीच भरीन.