साठा पुरेसा

३ जून
आले एकदाची ऑस्ट्रेलियात, टूवूंबात! सिद्धार्थने, म्हणजे माझ्या बॉसने, गाडीतून सामान आणून टाकलं आणि बजावलं की आधी कार घे, इथे बसच्या भरवशावर राहिलीस तर घरात बसून लोणचं होईल तुझं. घर म्हणजे मिसेस डॉसनच्या परसातली एक खोली. खिडकीत आईचा पिवळा मग ठेवला, ओट्यावरच्या फळीवर पोह्यांचं पाकीट. झाला संसार!
काम तर राजेशाही, पायजम्यात बसून करायचं. पॅसिफिकमधल्या बेटांवरची ऐंशी छोटी औषधांची दुकानं रोज दुपारी तीनला आपापल्या फळीचा फोटो पाठवतात. मी फोटो उघडायचा, औषधं संपत आली असतील तर बोट पाठवायची, नाहीतर ‘साठा पुरेसा’वर टिक करायची. आईला फोनवर सांगितलं, तुझी लेक आता ऐंशी गावांची केमिस्ट.

७ जून
एकेचाळीस नंबरच्या दुकानातली लुसी मला फार आवडते. फळीवर रोज एक ताजं फूल ठेवते, आणि फोटोच्या कोपऱ्यात तिची छोटी मुलगी दात काढून उभी.
आज मैत्रिणीकडे, मंजिरीकडे जेवायला जायचं होतं. ती न्यायला आली आणि बाहेर हॉर्न वाजवत बसली. मग एकही फोटो न उघडता ऐंशीच्या ऐंशी दुकानांना टिक ठोकून दिली. एका दिवसाने काय होतंय? मिसळ मात्र फक्कड होती.

१२ जून
सिद्धार्थचा फोन. लुसीच्या गावात जुलाबांची साथ आली आणि दुकानात ओआरएसचं एक पाकीट नव्हतं. सात तारखेला बोट निघालीच नाही, आठची पोचेपर्यंत उशीर झाला. आधी मुलगी गेली, मागोमाग लुसी. सातचा फोटो नीट पाहिला होतास ना, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, फळी भरलेली होती.
खोटं बोलले. फोन ठेवल्यावर तो फोटो पहिल्यांदा उघडला. फळी रिकामी. लुसीने कॅमेऱ्यासमोर रिकामा तळहात धरला होता. मला माझीच किळस येतेय.

१४ जून
तीन वाजता एकेचाळीसचा फोटो आला. सिद्धार्थ म्हणाला, शक्यच नाही, दुकानाला कुलूप आहे आणि फोनही बंद करून ठेवलाय.
फोटोत तीच फळी. तिच्यापलीकडे एक खिडकी, आणि खिडकीत पिवळा मग.
माझं पोट बिघडलंय.

१६ जून
दार उघडत नाही. कडी काढलीय, तरी नाही. खिडकीही नाही. मिसेस डॉसन लेकीकडे गेल्यात. सकाळपासून सात वेळा जुलाब. नळाला पाणी नाही. सिद्धार्थ, मंजिरी, इथला इमर्जन्सीचा ट्रिपल झिरो — कुणालाही फोन लावला तरी आमचं ॲपच उघडतं, दुकानदारांचं पान. दुकान नंबर एकेचाळीस. फळीचा फोटो पाठवा.

१७ जून
पाठवला. माझ्या ओट्यावरची फळी. त्यावर काहीच नाही — पोहेसुद्धा —
तीनला उत्तर आलं. साठा पुरेसा. तपासलं: देवयानी.
देवयानी मीच.

बहुतेक १८
उभं राहवत नाही. परत पाठवला — या वेळी तळहात धरला समोर —
फळीपलीकडे खोली दिसतेय. माझीच. तिथे मी बसलेय — मंजिरीकडे जायचे कपडे घालून — बाहेर हॉर्न वाजतोय —
मुठी आपटतेय फळीवर. ती वर बघत नाही —
देवयानी, हा एकच फोटो उघड — टिकवर बोट नको नेऊस — अगं, एकदा तरी —