न उघडलेली बाटली

४ ऑक्टोबर
आले बाई पेणला एकदाची! रामवाडीत सीताबाईंच्या घरी माडीवरची खोली मिळाली. नोकरी अशी, की सांगताना मलाच हसू येतं. लोक घरातल्या बारक्या माश्यांचे फोटो पाठवतात, मी माशी कोणती ते सांगायचं. फोटोवरून नुसता अंदाज करायचा, नाव मात्र बाटलीतली माशी भिंगाखाली बघूनच द्यायचं, असं रोह्याच्या ऑफिसातल्या आमच्या हर्षदसरांनी बजावलंय. सीताबाईंचे यजमान जनूकाका जन्मभर मिठागरात राबले. आता साखरेच्या आजारानं पाय चिघळलाय, खाटेवरच असतात.

९ ऑक्टोबर
सीताबाईंनी मोबाइलवर फोटो दाखवला, सोबत औषधाच्या बाटलीत थोड्या माश्या. काकांच्या खोलीत फार झाल्यात, पायाला तर काय झालं नाय ना, म्हणून दवाखान्यात न्यायला गाडीसुद्धा सांगितलेली. मी जेवत होते. फोटो बघून म्हटलं, चिलटं आहेत हो, पिकलेली केळी फेका. त्यांचा जीव भांड्यात पडला. गाडी परत पाठवली, आणि संध्याकाळी मला गरम भाकरी नि जवळ्याची चटणी आणून दिली. माझी स्वारी खूश.

१२ ऑक्टोबर
बाटली टेबलावर तशीच होती. आज सहज उघडून भिंगाखाली बघितलं. पाठीला कुबड, पंखाच्या पुढच्या कडेला जाड शिरा. चिलटं नाहीत ही. ही माशी उडण्यापेक्षा पळते जास्त, आणि सडक्या मांसात अंडी घालते. जखमेतही घालते.

अर्धा जिना उतरले. खाली सीताबाई शेजारणीला सांगत होत्या, आमची पोर माश्यांची डॉक्टर हाय. तशीच वर आले. लाज वाटली, दुसरं काय. उद्या सांगते.

१४ ऑक्टोबर
काल सांगितलं नाही. आज काका तापानं फणफणले तेव्हा कुठे दवाखान्यात नेलं त्यांना. पट्टी सोडली तर टाच आतून पोखरलेली, आणि त्यात—

१५ ऑक्टोबर
काका गेले.

सीताबाई म्हणतात, केळी मीच ठेवली व्हती गो, माझ्याच घाणीनं माणूस गेला. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले. इतकी नीच आहे मी. माशी केळ्यांवरची नव्हती, हे तेव्हाही सांगितलं नाही.

२० ऑक्टोबर
माझ्या खोलीत माश्या. उडत नाहीत, पळतात. उशीवर, ताटात. बाटलीत धरते, झाकण लावते— बाटली रिकामी. फोटोत मात्र दिसतात. सरांना फोटो पाठवले. म्हणाले, माशी घेऊन ये. कुठून आणू?

२३ ऑक्टोबर
सीताबाई अजून फरशी घासतायत. हात सोलून निघालेत. म्हणतात, घाण जात नाय. हे बघवत नाही. आता जाऊन सांगतेच, काय व्हायचं ते होवो.

गेले होते. समोर बसले. सांगायला तोंड उघडलं तर सीताबाई भिंतीपर्यंत मागे सरल्या. म्हणाल्या, गो बाय, तुझ्या तोंडातना ह्या—

आरशात बघतेय. जिभेखाली काहीतरी पळ—