लोकरीच्या दोऱ्याचं माप

कवठे महांकाळ
ता. ११ ऑगस्ट २०२५

चि. सृष्टीस,
दादासो नानाचे अ. उ. आ.

पत्र बघून हसशील. फोन का केला न्हाई म्हणशील. फोनवर मला ऐकू येत न्हाई, आन स्पीकर लावला की सारी वस्ती ऐकती. ही गोष्ट वस्तीला ऐकवायची न्हाई.

आषाढापासनं लांडग्यानं पाच कोकरं नेली. आपल्यात त्याचा वाटा धरलेला असतोय, तुला ठावं हाय. माझ्या बापानं कोकरू गेलं म्हणून कधी काठी उचलली न्हाई. वाटा गेला म्हणायचा आन बिडी पेटवायचा. पण ह्यो गडी वाट्यावर थांबंना. मोत्या कुत्रा म्हातारा झालाय, भुंकतोय तेबी बसून.

आमच्या पोराला, तानाजीला, ते चाकाचं धनुष्य पायजे. मोबाईलवर बघितलंय म्हणतो. आवाज न्हाई, कुणाला कळत न्हाई. नवं नको, वापरलेलं चालंल. तू रोज तेच हातात धरतीस, तवा एक नीट पारखून निवड. रुंद पात्याचे बाणबी बघ. धनुष्य माणसाच्या मापाचं लागतं असं तूच मागं सांगितलं होतंस, म्हणून तानाजीची वाव मोजून लोकरीचा दोरा पाकिटात घातलाय. दोन्ही हात पसरून, ह्या बोटापासनं त्या बोटापर्यंत.

तुझी काकी लग्नाचं इचारतीया. मी म्हणलं, पोरीच्या हातात धनुष्य हाय, बघायला येणारा पळत येईल आन पळतच माघारी जाईल.

तुझ्या बापाला सांगू नको. माया पातळ करू नको.

तुझा,
नाना

---

सातारा
ता. १९ ऑगस्ट २०२५

ती. नानांस,
सृष्टीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. चार वेळा वाचलं आणि गादीखाली ठेवलं. तेव्हापासून पप्पांशी नीट बोलता येत नाही. त्यांनी परवा सहज विचारलं, नानांचं काय चाललंय, तर माझ्या हातातलं ताट कलंडलं.

तरी तुम्ही सांगितलं म्हणून धनुष्य बघून आले. आमच्या मैदानावरचा झिशान नोकरीसाठी पुण्याला चाललाय, त्याला त्याचं विकायचंय. मी ते तासभर तपासलं. वरच्या-खालच्या पात्यांवरून कापसाचा बोळा फिरवला. कुठे बारीक तडा असेल तर कापसाचा धागा तिथे अडकतो. कुठेही अडकला नाही. चाकांच्या कडा बोटांनी चाचपल्या. दोरीचे तंतू सुटलेले नाहीत, मेण नियमित लावलेलं आहे. बाण न लावता रिकामी दोरी सोडली तर धनुष्य आतून फुटतं, म्हणून तेही झिशानला खोदून विचारलं. तो म्हणाला, तू धनुष्य घेतेयस की माझी साक्ष? मग हसला आणि कुणासाठी घेतेस म्हणून विचारलं. मी म्हटलं, घरच्यांसाठी.

नाना, आता जे लिहिते त्याचा राग मानू नका. कंपाउंड धनुष्य चाकापाशी ठरवून ठेवलं तेवढंच ओढलं जातं, त्याच्या पुढे नाही. ते माप वावेवरून काढतात. तुमचा दोरा मी खोलीत जमिनीवर पसरला आणि शेजारी आडवी झाले. तो माझ्यापेक्षाही आखूड निघाला. तानाजीदादा तर दारातून वाकून आत येतो. कोरडी लोकर ताणली जाते, आखूड होत नाही.

आपल्या घरात एवढी आखूड वाव एकाच माणसाची आहे. घोड्यावरून पडल्यापासून त्याचा डावा हात कोपरात सरळ होत नाही. धनुष्य नक्की कोण ओढणार आहे, नाना?

काकींना नमस्कार. उत्तराची वाट बघते. रागावलात तरी उत्तर द्या.

तुमची,
सृष्टी

---

कवठे महांकाळ
ता. २५ ऑगस्ट २०२५

चि. सृष्टीस,
अ. उ. आ.

लय शानी झालीस. धुळीत काडीनं अ आ इ मीच काढून दिलं तुला, आन आता माझंच माप काढतीस.

व्हय, माझीच वाव हाय ती. तानाजीला यातलं कायबी ठावं न्हाई. त्याला धनुष्य नको, त्याला व्यापारी पायजे. पाचवं कोकरू गेलं त्या दिवशी भाकरी मोडता मोडता म्हणाला, आता आणखी एक गेलं की मेंढरं गाडीत घालायची आन मी मिरजेला कामाला जायचा. आवं ऐका जरा, म्हणून तुझी काकी मला गप करतीया, पण त्यानं व्यापाऱ्याचा नंबर काढून ठेवलाय.

म्हंजे आता माझं मेंढरांचं सारं खांड एका कोकरावर उभं हाय. माझ्या बापानं वाटा सोडला तवा त्याच्या पोरानं मेंढरं इकायची धमकी दिली नव्हती. लोकांत मी वाट्याच्या गोष्टी सांगत हिंडलो, आन आता मीच मारायला उठलो, ही लाज वाटली म्हणून पोराचं नाव घातलं. झालं समाधान?

धनुष्य चांगलं हाय असं तूच लिहितीस. मग पाठव. पाप माझं. तुझ्याच्यानं होत न्हाई तर तसं कळव, म्हंजे मेल्या कोकराच्या पोटात औषध भरून खालच्या नाल्यात, वगळीत टाकतो. ते काय मापाचं लागत न्हाई.

नाना

---

सातारा
ता. ३० ऑगस्ट २०२५

ती. नानांस,
सृष्टीचा शि. सा. न. वि. वि.

या पत्रात तुम्ही शेवटी माया कळवली नाहीत. मी ती जागा पुन्हा पुन्हा बघितली.

खरं सांगते, एक वाक्य लिहिलं असतं की सगळं मिटलं असतं. पात्याला तडा गेलाय, ओढताना तोंडावर फुटेल, घेऊ नका. तुम्ही विश्वास ठेवला असता. ते वाक्य मी एका कागदावर लिहूनही बघितलं. पण ते अक्षर तुम्ही शिकवलेलं, त्या अक्षरात तुम्हाला खोटं कसं कळवू? म्हणून लिहिते, धनुष्य निर्दोष आहे. तुमच्या मापाला बसतं. आणि मी ते पाठवणार नाही.

मला जे माहीत आहे ते ऐका. वाकड्या कोपरानं धरलेलं धनुष्य सुटताना कलतं. बाण काळजात न बसता पोटात बसतो. तो लांडगा तसाच वगळीत शिरेल आणि आठवडाभर मरत राहील, आणि तुम्ही इकडे भाकरी खाल. तुम्हाला ती खाता येणार नाही. लांडगा मारला तर तुरुंग आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तुम्ही आत गेलात की दुसऱ्या दिवशी गाडी येईल आणि मेंढरं जातील. औषध टाकलंत तर पहिल्यांदा मोत्या ते खाईल. तो म्हातारा आहे, पण नाक शाबूत आहे.

दोरा परत पाठवते. तो माझ्याकडे ठेवायची भीती वाटते. तानाजीदादाला एकदा सांगून बघा ना, की खांड राहावं म्हणून तुम्ही काय करायला निघाला होतात. त्याला वाटत असेल, तुम्ही नुसते हट्टी आहात. त्याला हे माहीतच नाही.

मेंढरांभोवतीचं वाघर फाटलंय का? मी रविवारी सुट्टी काढून येऊ शकते, जाळं विणायला हात लावते. मला घरात घेणार असाल तर.

तुम्ही माया तोडलीत तरी माझ्याकडून ती चालूच राहील.

तुमचीच,
सृष्टी

---

कवठे महांकाळ
ता. ९ सप्टेंबर २०२५

चि. सृष्टीस,
दादासो नानाचे अ. उ. आ. आन काकीचेबी.

तुझं पत्र माझ्या हाती आलंच न्हाई आधी. पोस्टमननं तानाजीला रस्त्यात दिलं. त्यानं पाकीट फोडलं, लोकरीचा दोरा पायावर पडला. काकीनं चुलीपासनं सारं बघितलं. म्हणली, पत्र वाचून पोरानं दोरा उचलला, एक टोक बोटात धरलं आन हात पसरले. दोरा मनगटापाशीच संपला. तसाच उभा राहिला हात पसरून, बुजगावण्यासारखा. मग पाकीट माझ्या उशाखाली ठिवलं आन बाहेर गेला.

सांजेला त्यानं राखणीला बाज उचलून वाघरापाशी टाकली. दुसऱ्या दिवशी फाटलेलं वाघर घेऊन बसला. गाठी असल्या घातल्या की मेंढरू हसंल. औषधाची बाटली काकीनं कुठं पुरली ते मला सांगत न्हाई.

काल तांबडं फुटताना लांडगा आला. लंगडं कोकरू कडंला होतं, तेवढंच साधलं. तानाजी गोफण घिऊन पळाला, आन दगड सोडला तो काकीच्या घागरीवर. तुमचं सारं घराणंच नेमाचं, म्हणून काकी अजून बोलतीया. तू लहानपणी गोफणीचा दगड स्वतःच्याच कानफटात मारून घेतला होतास, ते तिला आठवलं.

लांडगा वगळीच्या काठावर जरा थांबला. कोकरू तोंडात. आमच्याकडं बघितलं आन उतरला. सहावं होतं ते. म्हणलं, आता तानाजी खिशात हात घालणार, व्यापाऱ्याला फोन लावणार.

तानाजी लय वेळ वगळीकडं बघत राहिला. मग गोफण गुंडाळून कमरेला खोचली, माघारी आला, बाजंवर बसला. वाटा गेला, म्हणाला. आन आईला चहा मागितला.

रविवारी ये. त्याच्या गाठी सोडून परत घालाव्या लागतील. दसऱ्याला तुझं धनुष्यबी आण, भोपळ्यावर नेम धरू. माया हाय तेवढीच हाय, दोऱ्यानं मोजू नको.

तुझा,
नाना