वेलावर उरलेलं एक वाळूक

बीड, दिवाळीनंतरचा सोमवार

प्रिय दोस्त धोंडीराम,

घाटनांदूरच्या तुझ्या घरातल्या सगळ्या लहानथोरांना जमीलचा सलाम आणि राम राम. तुझ्या आईला, छबुकाकूंना, वाकून सलाम. (काकूंना फोनवर ऐकू येत नाही म्हणून पत्र लिहितो आहे. खाटेजवळ बसून मोठ्यानं वाच.) इकडं फरजानाचे गुडघे दुखतात, माझी कंबर धरते आणि गॅरेजमध्ये गाड्यांपेक्षा गप्पा मारणारेच जास्त येतात. म्हणजे सगळं नेहमीसारखं आहे.

काकू दवाखान्यातून घरी आल्या, बरं झालं. जेवण जात नाही आणि जीभ फक्त जुनं वाळूक मागते, हे तुझ्या वैष्णवीनं सांगितलं. बाजारातली काकडी कापून दिली तर "हे नुसतं पाणी हाय" म्हणून त्यांनी ताट सरकवलं म्हणे. खरंच आहे. पूर्वी तुझ्या रानात कपाशीतून वाळकाचे वेल फिरायचे. मग तू सोयाबीन आणलंस, सोयाबीनमागून तणनाशक आणलंस आणि फवाऱ्यानं वाळूकही तण समजून मारून टाकलं. (काकू, हे मी नाही, तुम्हीच म्हणता.) उरलं ते माझ्या गॅरेजमागच्या अंगणात. काकूंनी माझ्या आईला, रहेमतबीला, कधीकाळी मूठभर बी दिलं होतं. ती दर पावसाळ्यात कुंपणाला लावायची. ती गेल्यापासून मी लावतो. म्हणून "जमीलकडं असंल" असा निरोप आला तेव्हा मी "आहे की" म्हणालो. तेव्हा माझ्याकडं नेमकं काय होतं, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

आईची पद्धत अशी की वेलावरचं सगळ्यांत देखणं वाळूक बियाला सोडायचं आणि घरातल्या कुणी तोडू नये म्हणून देठाला चिंधी बांधायची. मीही बांधली. गॅरेजातल्या फडक्यांना ऑइलचा वास येतो म्हणून मुद्दाम कोरं, हिरवं कापड फाडून बांधलं, इथंच चुकलं. कुंपण रस्त्याला लागून आहे. दोन दिवसांनी पाहतो तर माझ्या चिंधीशेजारी एक लाल चिंधी. मग पिवळी. मग एक जरीची, बहुधा कुणाच्यातरी लग्नातल्या साडीची. शेजारच्या साखराबाई वेलापाशी हात जोडून उभ्या दिसल्या, त्यांना विचारलं तर त्या माझ्यावरच डोळे वटारून म्हणाल्या, "कावून इचारता? आधी तुमीच बांधली न्हवं?" मी म्हणालो, "बाई, ते बियाचं वाळूक हाय." त्यावर म्हणाल्या, "असंल की. आमच्या पोराची पोलीस भरती झाली की सोडते माझी चिंधी." आता चिंध्या सोडाव्यात तर कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाची बदली, कुणाचं मोडत आलेलं लग्न, सगळ्याचं पाप माझ्या माथ्यावर. मी चिंध्या तशाच राहू दिल्या. शेवटी कुणा भक्तानं नारळ टांगला आणि वेल कुंपणासकट खाली आला. नारळ नेमका बियाच्या वाळकावर पडला. नारळाला काही झालं नाही. (साखराबाईंचा मुलगा भरतीत निवडला गेला. त्या पेढे घेऊन आल्या, आडव्या वेलाच्या पाया पडल्या आणि "आता दुसरा वेल कधी लावता?" असं विचारून गेल्या.)

पडलेल्या वेलावरची कोवळी वाळकं फरजानानं चिरली, मीठ लावलं आणि गच्चीवर खाटेवर काचऱ्या वाळत घातल्या. छान वाळत होत्या, तर परतीचा पाऊस आला. ती धावत गेली, दमट काचऱ्या गोळा केल्या आणि स्टीलच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं. डबा उघडला तेव्हा प्रत्येक काचरीला पांढरी दाढी आली होती. मी एवढंच म्हणालो की आई आधी उन्हं दाखवायची. त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरात डाळीत मीठ नव्हतं.

तरी एक वाळूक वाचलं होतं, पिकायला लागलेलं. तुझा निरोप आला तेव्हा माझ्याकडं होतं ते हेच. आई पिकलं वाळूक जोंधळ्याच्या कणगीत ठेवायची. आमच्याकडं आता पिठाची पिशवीच येते, कणगी कुठली? मी गॅरेजच्या कोपऱ्यात जुन्या टायरांच्या उतरंडीत भुसा भरला आणि आत ते वाळूक निजवलं. जागा थंड आणि अंधारी. उंदरांचा बंदोबस्त केला. अशफाकचा नाही केला. अशफाक फळवाला, त्याचं नाक तुला माहीत आहे, पेटी न उघडता आंबा सांगतो. टेम्पोचं पंक्चर काढायला आला आणि मी वाकलेला असताना मागून म्हणाला, "काय बे जमील, टायरातून लई गोड वास येतोय?" मी मान वर करेपर्यंत त्यानं चाकू काढला होता. अर्धं खाल्लं, अर्धं टेम्पोवरच्या माणसाला दिलं, आणि बी? बी थुंकलं ते जळक्या ऑइलच्या घमेल्यात. वर मलाच म्हणतो, "असला माल लपवून ठेवतोस व्हय?"

पण काकू, तुम्ही जीव लहान करू नका. पडलेल्या वेलाच्या एका फाट्यानं पुन्हा मुळं धरली आहेत आणि पानाखाली एक वाळूक लागलं आहे. शुक्रवारी गॅरेज बंद असतं. घेऊन येतो.

तुमच्या आशीर्वादाचा धनी,
जमील

ता. क. धोंडीराम, इथून पुढचं मनात वाच, आणि तोंड पाडू नकोस, काकू तोंडावरून ओळखतात. पानाखाली काही नाही. पानही नाही, वेल वाळून गेला. डॉक्टरांनी कशाला घरी पाठवलं तेही वैष्णवीनं मला सांगितलं आहे. ते वाळूक काकूंसाठी होतं हे कळल्यापासून अशफाक कुणाशी धड बोलत नाही. चकलांब्यापर्यंत फिरून तसल्याच रूपाची गावरान काकडी घेऊन आला आहे. शुक्रवारी मी तीच आणीन. पत्र लिहायचं खरं कारण हे की पहिली फोड काकूंसमोर तू खा आणि "तेच हाय" म्हण. तुला खोटं बोलायला जमत नाही, पण एवढं कर.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो तोच वैष्णवीचा फोन आला. परवा मी तिला एक वाळूक उरल्याचं बोलून बसलो होतो, ते तिनं आजीच्या कानात सांगितलं. काकूंनी निरोप दिला आहे, "जमीलला म्हणावं, एकच हाय तर माझ्यासाठी तोडू नगं. बियाला राहू दे." तेव्हा शुक्रवारचं रद्द. काकूंना सांग, निरोप पोचला, जमील तोडत नाही. काकडी अशफाकला परत दिली, त्यानं ती खाल्ली नाही.

आता विनंती बदलली आहे. काकू बी शेणाच्या गोळ्यात घालून गोठ्याच्या भिंतीला थापायच्या. तू रंग देताना सगळी भिंत खरवडली नसशील, तर एखादा गोळा कुठं कोपऱ्यात राहिला आहे का ते बघ. सापडला तर लगेच पाठव. नाही सापडला तर मला कळवू नकोस. काकू तुला रोज विचारतील, पिकलं का? तू म्हण, जमील म्हणतो अजून हिरवं आहे. त्या विचारत राहतील तोवर मी ते पिकू देणार नाही.