चौदा पायांचा सुतार

ती. ट्रायफीना मावशीस,

तुझ्या दोन्ही पायांना नमस्कार, आणि डाव्या गुडघ्याला आणखी एक, कारण गेल्या फोनवर तू त्याच्याबद्दलच जास्त बोललीस. मी खुशाल आहे. अंगानं भरलोय (खोटं वाटत असेल तर पट्टा पाठवतो, त्यालाच विचार). गावाची आठवण मुळीच येत नाही. गाव उठवायचं मतदान महिनाअखेरीला आहे, असं ऑबडायाकाकांनी कळवलं. बहुतेकांनी 'हो' म्हटलं की सगळ्यांना मोठ्या गावात नेणार, आणि मग आपल्या पिंचर्स कोव्हला ना वीज मिळणार ना येण्याजाण्याची बोट. माझ्यासारख्या बाहेर राहणाऱ्याला मत नाही म्हणे. तेव्हा त्या विषयावर मी एक अक्षर लिहिणार नाही. तू शहाणी आहेस.

तू विचारलं होतंस की एवढ्या लांब अल्बर्टात जाऊन जंगलात तू नेमकं करतोस काय. तर मी खड्डे करतो. खड्ड्यात प्लास्टिकचा पेला काठापर्यंत पुरतो, पाऊस शिरू नये म्हणून वर छोटं छप्पर ठोकतो, आणि मग अधूनमधून जाऊन आत कोण पडलंय ते बघतो. (मी खड्ड्यातच जाणार, असं मास्तर शाळा सुटली त्या दिवशी म्हणाले होते. माणूस द्रष्टा होता.) बहुतेक काळे भुंगेरे पडतात, शिवाय मुंग्या, कोळी आणि नाव माहीत नसलेली जनता. इथलं स्प्रूसच्या झाडांचं रान मागे एकदा सपाट तोडलं होतं, आता ते पुन्हा माझ्या डोक्यावर गेलंय. त्याच्या खाली जमिनीवर कोण कोण परत राहायला आलं, हे आमच्या स्टेफ्युरॅकबाईंना हवं असतं. बाई किड्यांच्या डॉक्टर आहेत, पण औषध देत नाहीत. उलट पेल्यात विष घालतात.

तुझं खोकं पोचलं. मुरंब्याच्या बाटल्या फुटू नयेत म्हणून तू त्यात बटाट्याच्या तळघरामागचं शेवाळ कोंबलं होतंस ना, तिथूनच सगळा घोळ सुरू झाला. ते मला टाकवेना. त्यात नाक खुपसलं की तळघर येतं, खारवलेला मासा येतो, धक्क्यावरचे दोर येतात, तुझा ओला लोकरी कोटसुद्धा येतो. (आठवण येते म्हणून नव्हे. इथे नाकाला दुसरं काम नाही.) म्हणून ते ओलं करून खिशात घेऊन हिंडायचो. परवा एका पेल्यापाशी वाकलो, तर छपराच्या आतल्या बाजूला कोण चिकटून बसलेलं? सुतार! आपला राखाडी, पाठीवर कौलं घातलेला, कुजक्या फळीखालचा सुतार. माझ्याच खिशातून उतरला असणार. मी तिथेच गुडघ्यावर बसलो, आणि आजूबाजूला कुणी नाही बघून त्याला म्हटलं, "काय रे पोरा, कसं काय चाललंय?" कितीतरी महिन्यांत कुणाशी आपल्या बोलीत बोललो नव्हतो.

आणि मग आनंदाच्या भरात, तळावर वायरलेस सांभाळणाऱ्या ड्वेनला कळवलं. आता मला काय ठाऊक की या किड्याला सुतार फक्त आपल्या गावात म्हणतात, आणि उरलेल्या जगात सुतार म्हणजे फक्त रंधा मारणारा माणूस!

"ड्वेन, पेल्यापाशी सुतार सापडलाय."

"सुतार? तिथे? पडला की काय?"

"पडता पडता वाचला."

"बोलतोय का?"

"गप्प आहे. उजेड नको म्हणतोय."

"डोक्याला मार लागला असणार! कुठला आहे?"

"आमच्या गावचा."

"त्याला हलवू नकोस. पायबिय मोडलाय का बघ."

मी वाकून मोजले. "चौदाच्या चौदा शाबूत आहेत."

ड्वेनला तेव्हा कुठे उमगलं. पण बाई 'पडता पडता' ऐकताच स्ट्रेचर घेऊन गाडीत बसल्या होत्या, पुढचे चौदा पाय त्यांनी ऐकलेच नाहीत. धापा टाकत आल्या आणि "कुठाय तो?" म्हणून ओरडल्या. मी मूठ उघडली. त्यांनी सुताराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच स्ट्रेचरवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

मग म्हणाल्या, हा इथला नाही, एल्डन, याला इथे सोडता येणार नाही. मी विचारलं, मग जे इथलेच होते आणि झाडं तुटल्यावर गेले, ते येतात का परत? त्या म्हणाल्या, पंखवाले येतात, सावली झाली की उडत येतात. काहींना पंख असून नसल्यासारखे, ते बिचारे पायी येतात, वर्षानुवर्षं. पण त्यासाठी जवळपास जुन्या जंगलाचा एखादा तुकडा न तोडता राहिलेला असावा लागतो. लहान असला तरी चालतो. तोही नसेल तर? मी विचारलं. बाईंनी स्ट्रेचर गुंडाळलं आणि म्हणाल्या, चल, जेवायची वेळ झाली.

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला शेक दे. ऑबडायाकाकांना सांग, माझी होडी उलटी करून ठेवा, वापरू नका.

तुझा,
एल्डन

ता. क. सुतार सोबतच्या डबीत घालून पाठवतोय. त्याला तळघराच्या पायरीपाशी सोड. तो बोटीतून उतरेल तेव्हा धक्क्यावर घ्यायला कुणीतरी हवं, म्हणून मतदानाच्या चिठ्ठीवर 'नाही' लिही. त्याच्यासाठी म्हणतोय. आणि एक चूल पेटती राहिली तरी गाव राहतं. रागावू नकोस, पण आपल्याकडचा तो न तोडलेला तुकडा म्हणजे तू आहेस.

ता. क. दुसरा. डबी पाठवत नाही. झाकण लावायला गेलो तर हा सुतार नव्हे, सुतारीण निघाली. पोटाखालून पांढरी पिल्लं बाहेर पडतायत, कणीएवढी, मोजता येत नाहीत. एवढा कुटुंबकबिला टपालानं कसा धाडू? बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, लेकुरवाळीच्या सोबत कुणीतरी मोठं माणूस पाहिजे. इथे रिकामा मोठा माणूस मीच. तेव्हा निघतोय. पंख नाहीत, वेळ लागेल. तोवर बोट तेवढी बंद पडू देऊ नकोस.