गावचं हजारावं माणूस

शिकागो, १२ एप्रिल १९३०

प्रिय बाबा,

मी ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे आई पुढचं निवांत ऐकेल. ऑफिसात दिवसभर टाइप करते. फक्त एका जागी बसवत नाही, सारखी उठून खिडकीशी जाते. आईचा गुडघा कसा आहे?

तुमचं पत्र मिळालं. शिरगणती तुम्ही केलीत आणि आपलं हॅडली बरोब्बर हजार माणसांचं भरलं! आता शेजारच्या गावचे ऑस्बीवाले आपल्याला छोटं म्हणून काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, कचेरी परत मागायला तोंड उघडणार नाहीत. आजोबांनी ती त्यांच्याकडून पळवून आणली, तेव्हा दप्तराच्या पेटीवर बसून म्हणाले होते ना, "पेटी हवी, तर आधी मला उचला!"

मग खाली वाचलं, "हजारावी तू. तुझा पलंग इथेच आहे, म्हणून तुला घरात मोजली."

बाबा, तुम्ही? जन्मात कधी खोटा आकडा न लिहिणारे?

इथेही गणतीवाला आला होता. म्हणाला, "बाई, पाहुण्या आलात की राहायला?" माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "राहायला." तो माझं नाव इथे लिहून गेल्यावर काय वाटलं कोण जाणे, चार जिने धावत उतरले. रस्त्यावर तो कुठेच दिसेना. भेटला असता, तर काय सांगणार होते, तेही अजून कळत नाही.

तेव्हा माझं नाव खोडा. नऊशे नव्याण्णव ऐकून ऑस्बीवाले हसतील, तर हसू देत.

पलंग मात्र हलवू नका.

तुमचीच,
एडिथ