आत्याच्या तोंडचं नाव

५ फेब्रुवारी, गुरुवार

पहाटे उतरले. व्हिएतनाम संपलं. मी नेलेल्या ग्रुपमधले सगळे सुखरूप, एक चष्मा हरवला, दोन सख्ख्या जावा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. म्हणजे टूर चांगलीच झाली.

बदलापूरला घरी आले तर दाराबाहेर चपलाच चपला. मंगळवारी निलेशला मुलगी झाली. मी तेव्हा हनोईत, कुणाचं तरी रूम कार्ड शोधत होते. भावाची पहिली मुलगी आणि मी ती फोनवर पाहिली. फोटोत नाक नीट कळत नव्हतं. आज पाहिलं. आमचंच आहे. बिचारी.

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण निलेशच्या बायकोचं, रूपालीचं, माहेर पार बारवी धरणाच्या रस्त्याला, डॉक्टर इथले, म्हणून माहेरच इथे आलंय. तिची आई शेपा, ओवा, गावठी तूप आणि स्वतःची उशी घेऊन मुक्कामाला आहे. माझ्या खोलीत. मी हॉलमध्ये गादीवर. पुढची टूर अंदमान, १४ला संध्याकाळी निघायचं.

आई: "बारसं चौदालाच सकाळी. आत्याशिवाय नाव कोण ठेवणार?"

बाळाला हातात द्यायच्या आधी सगळ्यांनी मिळून मला तीनदा हात धुवायला लावले.

६ फेब्रु., शुक्रवार

दुपारपर्यंत झोपले. उठले तर घरभर ओव्याच्या धुरीचा वास. चहाला कोणी विचारलं नाही. या घरात आता एकच गिऱ्हाईक आहे आणि ते दर दोन तासांनी ओरडतं.

संध्याकाळी रूपालीने दार लोटून घेतलं. "ताई, एक सांगू? मला इरा ठेवायचंय. पोटात होती तेव्हापासून मी तिच्याशी त्याच नावाने बोलते."

म्हटलं, ठेव की मग. गोड आहे.

"आईंच्या मनात दुसरं आहे. मला स्पष्ट नाही बोलल्या, पण आहे. तुम्ही कानात सांगाल तेच नाव होणार ना?"

बाळंतिणीने रडू नये म्हणतात. हिला कोण सांगणार. मी 'बघते' म्हटलं. टूरवर कुणाला नाही म्हणायचं नसलं की मी हेच म्हणते.

७ फेब्रु., शनिवार

आई मेथी निवडत बसली होती. मीही बसले. मग खाली मान घालूनच म्हणाली, "मंजिरी सांग कानात."

माझ्या हातातली काडी हातातच राहिली.

आमच्या घरात तिला फक्त 'पहिली' म्हणतात. माझ्या आधीची. दीड वर्षाची झाली आणि तापाने गेली. एकही फोटो नाही. तिचं नाव मंजिरी, हे मला शाळेत असताना काकूकडून कळलं, तेही काकूच्या तोंडून निसटलं म्हणून. आईच्या तोंडून मी ते आज पहिल्यांदा ऐकलं. बेचाळीस वर्षांची घोडी झाले मी.

आईच उठली. "निलेशला सांग, डिंक संपलाय."

८ फेब्रु., रविवार

रूपालीच्या वडिलांनी शेतावर पोपटीला बोलावलं. रूपाली आणि तिची आई घरी, बाकी आम्ही सगळे. अंबरनाथहून काका-काकूही आले.

जेवणाआधीची कामं वाटून दिली नाहीत तर माझा जीव वरखाली होतो. तिथे कोणी विचारलंच नाही. व्याह्यांनी मडक्यात भांबुर्ड्याचा पाला पसरला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, वरून परत पाला ठासून भरला आणि मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा पेटवला. पाण्याचा थेंब नाही. मी किती वेळ लागेल विचारलं.

"लागल तेवरा," म्हणाले. "घाई नाय. तुमी बसा."

बसले. मस्त ऊन. काकांनी बाभळीखाली ताणून दिली. काकू निलेशला चिडवत होती, बाप झालास आता, शर्टाची बटणं तरी नीट लाव.

शेंगा बोटं भाजत खाल्ल्या. नुसतं मीठ आणि ओवा. व्हिएतनाममध्ये नऊ दिवस लोक मला विचारत होते, इथे आपलं काही मिळेल का.

परत येताना निलेशला बाजूला घेतलं. दोन्ही नावं त्याला माहीत आहेत. आईनेही सांगितलंय, बायकोनेही.

"ताई, तू बघ ना. तुझा मान आहे."

मान म्हणे! दोघींच्या मधे उभं राहायला नको म्हणून मला पुढे ढकलतोय. लहानपणी कुत्रा भुंकला की असाच माझ्या मागे यायचा. रागही आला आणि हसूही.

९ फेब्रु., सोमवार

डेकोरेटरचा फोन. निलेशने माझा नंबर देऊन ठेवलाय. "मॅडम, बॅनर पे बेबी का नाम क्या डालना है? प्रिंटिंग को देना है."

म्हटलं, नुसतं 'नामकरण सोहळा' डालो.

"नाम के बिना खाली खाली लगेगा मॅडम."

लगेगा तो लगेगा.

१० फेब्रु., मंगळवार

सकाळी बाळाची आंघोळ पाहिली. रूपालीची आई पाय पसरून पाटावर बसते, बाळ पायांवर पालथं, तेल, चोळणं, गरम पाणी. बाळ बेंबीच्या देठापासून रडतं आणि मग धुरीनंतर असं झोपतं की बघत राहावं. मी बघत राहिले. मेल्स पडून आहेत.

रूपालीला पहिलीचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, पाळण्यातलं नाव मंजिरी ठेवू, व्यवहारात इरा. पुष्कळ घरांत असतं तसं. मला वाटलं होतं, सुटला प्रश्न.

तिने बाळाच्या लंगोटाची नाडी बांधली. म्हणाली, "ताई, रागावू नका. कानात पहिलं जे जाणार ते तिचं नाव. गेलेल्या बाळाचं नाव माझ्या बाळाच्या कानात नको. मला भीती वाटते."

रागावू कशी? तिची आई बाहेरून ऐकत होती. म्हणाली, "ताई, ती लय रातींची झोपली नाय. तिच्या मनासारखा करा."

आणि आईच्या मनासारखं?

११ फेब्रु., बुधवार

उल्हासनगर. बारशाची खरेदी आणि शालूआत्या. बाबांची थोरली बहीण, म्हणजे मलाही आत्या आहे म्हणायचं. गल्लीत सगळे सिंधी, मधे ही एकटी. शेजारच्या अम्मांनी मी येणार म्हणून दाल-पकवान पाठवलं होतं. दोन पकवान खाऊन वर चटणीची वाटी चाटली.

बाजारात आत्याने दुपट्यांसाठी सिंधीत घासाघीस केली. दुकानदार हसायला लागला, तशी हिने अजून दोन झबली पदरात पाडून घेतली.

चहा पिताना नावाचं सांगितलं. इरा ऐकून म्हणाली, "एवढंच? सुरू व्हायच्या आत संपलं की." मंजिरी ऐकून मात्र हसली नाही. कप खाली ठेवला.

"तुझ्या बारशालाही तुझ्या आईने मला हेच सांगितलं होतं," म्हणाली. "मंजिरीच म्हणा कानात. पहिली जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी बरं म्हटलं. वाकले. तुझं तोंड पाहिलं तर तू ती नव्हतीस गं. वेगळीच होतीस, टकाटका बघत होतीस. माझ्या तोंडून अंजली निघालं. कुठून आलं देव जाणे."

"आणि आई?"

"चार महिने बोलली नाही माझ्याशी. मग एक दिवस तुला काखेत घेऊन आली आणि म्हणाली, अंजूला ताप आहे, डॉक्टरकडे चला. झालं. त्यावर परत कधी विषय नाही."

"तू बरोबर केलंस?"

"तुझ्यासाठी बरोबर केलं. तिच्यासाठी केलं का ते मला आजपर्यंत ठाऊक नाही. विचारायची छाती झाली नाही."

रिक्षात रडू आलं. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं आणि गाण्याचा आवाज कमी केला. कशाचं रडू ते नीट सांगता येत नाही. आईने बेचाळीस वर्षं मला ज्या नावाने हाक मारली, ते तिने निवडलेलं नव्हतं. तरी तिने कधी ते तोडून, टाकून म्हटलं नाही. 'अंजू' म्हणते तेव्हा केवढं लांबवते.

आणि त्याच वेळी, मला मंजिरी व्हावं लागलं नाही याचं इतकं हायसं वाटलं की त्याचीच लाज वाटली.

१२ फेब्रु., गुरुवार

पाळणा भाड्याने आला. डुगडुगतो. निलेशने एका पायाखाली पुठ्ठा घातला. रूपालीची आई तो तासभर हलवून बघत होती आणि मग म्हणाली, "चालल."

घुगऱ्यांचे हरभरे किती भिजवायचे यावरून आई आणि ती, दोघींचं गोडीत जुंपलं. शेवटी दोघींनी आपापले भिजवले. आता अख्खी बिल्डिंग आठवडाभर घुगऱ्या खाणार.

१३ फेब्रु., शुक्रवार

सोयर फिटलं, म्हणून आईला देवळात जायचं होतं. अंबरनाथचं शिवमंदिर. रविवारी महाशिवरात्र, त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नसते, म्हणून आजच गेलो. स्टॉल लागत होते, बांबू, ताडपत्र्या, एक खेळणीवाला फुगे फुगवून बघत होता. काकूकडे नंतर जायचं ठरलं.

दर्शन झाल्यावर आई बाहेर दगडावर टेकली. मीही. भिंतीवरच्या मूर्तींवर उतरतं ऊन होतं. मी म्हटलं, आत्याने सांगितलं मला. माझ्या बारशाचं.

"सांगणारच ती. पोटात काही राहत नाही तिच्या." पण चिडून नाही म्हणाली.

मग थांबून थांबून बोलली. "ती परत यावी असं नाही गं माझ्या मनात. एवढी खुळी नाही मी. तुझे बाबा म्हणायचे, नाव काढलं की तुला त्रास होतो, नको काढायला. मग कोणीच काढलं नाही. सासूबाईंनी नाही, काकूने नाही. दीड वर्ष मी दिवसातून किती वेळा हाक मारत होते, आणि एक दिवस तोंडच बंद. माझ्या घरात कोणीतरी त्या नावाने हाक मारावी. ओ द्यायला कोणीतरी असावं. एवढंच."

मी तिचा हात धरला. खरखरीत आहे, भांड्यांच्या साबणाने. रूपालीची भीती सांगितली. ऐकून घेतली. "हो. तिलाही वाटणारच," म्हणाली.

उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. "तुला पटेल ते सांग कानात. मला आधी सांगू नकोस. सगळ्यांबरोबर ऐकेन."

काकूकडे उकडीचे मोदक होते, काही कारण नसताना. चार खाल्ले.

१४ फेब्रु., शनिवार

विमानतळ. ग्रुप चेक-इन होऊन बसलाय. लिहून काढते, नाहीतर राहील.

बारसं छान झालं. शालूआत्या सकाळीच आली, दाराशीच म्हणाली, "माझं काम आता हिच्याकडे, मी फक्त जेवणार." आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याखालून फिरवला, गोविंद घ्या, गोपाळ घ्या. काकूच्या हातून तो निसटता निसटता राहिला आणि सगळ्या बायका एकदम किंचाळल्या. मग बाळ. मग मी.

वाकले. दुधाचा आणि वेखंडाचा वास. डोळे उघडेच होते. आत्याचं म्हणणं कळलं. ही आपली आपण आली होती, तिला कुणाचीच ओळख नव्हती. मागे आई उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

कुर्रर्र. इरा म्हटलं. मग मोठ्याने सगळ्यांना सांगितलं.

पाठीवर पहिला धपाटा आईचा. चांगला जोरात. मग सगळ्यांचे. वळून पाहिलं तर आई टाळ्या वाजवत होती, पाळणा म्हणत होती, एक ओळही चुकली नाही. रूपाली रडत होती. मला तिच्यासाठी बरं वाटलं आणि आईकडे बघवेना.

जेवणं झाली, पाहुणे पांगले. चारला गाडी यायची होती. बॅग घ्यायला माझ्या खोलीशी गेले तर दार किलकिलं. आत आई एकटी, बाळ मांडीवर. झोपलेलं. ती अगदी हळू, जवळजवळ ओठांतच म्हणत होती, "मंजिरी. ए मंजिरी. इकडे बघ." मी तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. माझ्यासाठीही नाही, निलेशसाठीही नाही.

मागे हालचाल झाली. रूपाली. हातात बाळाचं दुपटं. तिनेही ऐकलं होतं. पूर्ण.

मी तिचा दंड धरला. काय सांगणार होते? आज नको, एवढंच? तिने माझा हात हळूच सोडवला. चेहऱ्यावर राग दिसला नाही, पण दुसरं काय होतं तेही मला वाचता आलं नाही. आत गेली. दार मागे लोटलं गेलं.

खालून हॉर्न. निलेशने बॅग उचललीसुद्धा होती. दारापाशी मी थांबले. आतून आवाज नाही, ना चढलेला ना रडका. निलेश म्हणाला, "ताई, उशीर होईल." निघाले. आईचा निरोपही घेतला नाही.

अंबरनाथच्या फाट्यावर गर्दी, नंतर रस्ता मोकळा. वाटभर फोन हातात होता. आताही आहे. घरी लावायचाय, पण आईला लावू की रूपालीला, ते ठरत नाही.